ट्रॉलीत जागा होती तेव्हा

यंदा ट्रॉलीत जागा नाही.
फाळक्यावर पोट्टे, हुकावर पोट्टे,
मडगार्डवर सरपंचाचा साळा,
आणि मधोमध गुलालाची गोणी,
फायनल व्हायच्या आधीच.
"उकंडाभाऊ, तुमी मांगच्या खेपेनं या नं,"
काल-परवा मिशी फुटलेला एक जण म्हणाला.
उकंडा भोयर म्हणाला, "येतो बाप्पा. जा तुमी."

मागची खेप नव्हतीच.

वडगावात बेचाळीस-अकरानं हरलो त्या वर्षी
याच ट्रॉलीत सात खेळणारे, एक बदली,
उकंडा, मी आणि न बोलणारा कवडू.
पौषातली रात्र. उकंडानं
कापसाच्या रिकाम्या बोऱ्यात पाय घातले होते.
कोणी बोलेना.
कालव्याचा पूल गेल्यावर तोच म्हणाला,
"उजव्या कोपऱ्यावालं पोट्टं घाई करते.
पाय दिसला का झपटते. अंग येऊ द्या लागते आंधी."
कोणाला म्हणाला? अंधाराला.
उजवा कोपरा त्याच्याच मांडीवर
डोकं ठेवून झोपला होता.

सकाळी पानठेल्यावर
खर्रा घोटता घोटता निकाल लागला:
"यायच्यानं काई होत नाई.
मंडळ बंद करा अन् भजनाची पेटी घ्या."
म्हणणारे आज हुकावर लटकले आहेत.
मी नावं घेत नाही.
घेतली तर अर्धं गाव घ्यावं लागेल
आणि त्यात माझंही येईल.

मांगलीची मंडई.
मध्यंतराला आपण सतरानं मागे,
शेवटची एसटी पावणेसहाला.
मी उकंडाला म्हणालो, "म्हैस दोहायची आहे."
माझ्याकडे म्हैस नव्हती.
त्याला ते ठाऊक होतं.
"जा," तो म्हणाला. "दूध सांडू नोको."

ती मॅच आपण दोननं हरलो.
दोननं!
मधले पंधरा गुण कसे चढले
ते आपल्या गावच्या दोघांनीच पाहिलं.
त्यातला एक बोलू शकत नाही
आणि दुसऱ्यानं मला कधी सांगितलं नाही.

तेव्हा बनियनवरचे आकडे उकंडाच शिवायचा,
चाराचा पाय जरा तिरपा.
यंदा जर्सी नागपूरहून आली,
पाठीवर कृषी केंद्राचं नाव मोठं, आकडा बारीक.
उकंडानं कापड चिमटीत धरून पाहिलं,
"घाम पेत नाई हे," एवढंच म्हणाला.

तर लाइनमनच्या फटफटीवर तिघं,
पोहोचलो तेव्हा दुसरा डाव सुरू.
हॅलोजनखाली नुसत्या पाठी.
आपल्याच गावच्या पाठी, ओळखीच्या,
कोणी वळून सरकेना.
कवडू कडुनिंबावर चढला
आणि वरून हातानं मॅच सांगू लागला.
मूठ वळली, म्हणजे पकड.
बोट आडवं, बोनस.
छातीवर तळवा दाबून ठेवला,
म्हणजे आपला चढाईवाला मध्यरेषेपलीकडे,
दम धरून.
एवढं स्वच्छ मी मैदानाच्या काठावरूनही
कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याची मूठ वळू लागली.
पुन्हा. पुन्हा.
दोन्ही हात एकदम खाली: लोण.

आणि समोर जागा होऊ लागली.
आधी एक पाठ, मग चार,
मग सरपंचाचा साळा, फोनवर बोलत,
मग मिशीवाला, गोणीचं एक टोक धरून.
"थंडी लय आहे," कोणीतरी म्हणालं,
"सकाळी ओलिताची पाळी आहे," कोणीतरी.
ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही पुढे सरकत गेलो,
पार चुन्याच्या रेषेपर्यंत.
नऊनं मागे, सहा मिनिटं बाकी.
उजवा कोपरा गुडघ्यावर हात टेकून उभा होता,
आता लग्न झालेला, दाढीवाला.
उकंडा ओरडला नाही.
खाली बसला, पायातले जोडे काढले,
एकावर एक ठेवले.

माझा हात खिशात, फोनवर.
वेळच पाहत होतो, दुसरं काही नाही.

मैदानावरची नजर न काढता उकंडानं विचारलं,
"म्हैस कशी आहे?"

"विकली," मी म्हणालो,
आणि त्याच्या शेजारी मातीत बसलो.